आजचा दिवस धरायचा न्हाई

कोर्टाचा कागद माणसाच्या हातात दिला, त्याची सही नाहीतर अंगठा घेतला, की बेलिफाने सायकलवर टांग टाकून पुढच्या गावाला निघायचं असतं. सुखदेवमामा निघायचे नाहीत. ओट्यावर बसायचे, प्यायला पाणी मागायचे आणि ज्याला नोटीस दिली त्याला म्हणायचे, "हात पुढं करा. आजचा दिवस धरायचा न्हाई. उद्या एक." मग त्याच्याच करंगळीच्या पेरांवरून त्याला मोजायला लावायचे. एका बोटाची तीन पेरं, दहा बोटांची तीस. अंगठ्यालाही ते तीनच धरायचे. "तीस दिवसांची मुदत म्हंजे तुमचे दोन हात. हात भरले का संपलं." समोरचा माणूस कागद बघूनच गांगरलेला असायचा. तरी मोजायचा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी तालुक्याच्या कोर्टात वकिली सुरू केली तेव्हा तिथे मी एकटीच बाई होते. पहिलंच अपील हातात आलं आणि मी निकालाच्या तारखेपासून दिवस मोजले, तर एकतिसावा दिवस उलटून गेलेला. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होते. डोळ्यांत पाणी आलंच असावं, कारण खाकी कपड्यांतला एक बुटका माणूस थांबला आणि म्हणाला, "बाई, निकालाची नक्कल कवा मागितली?"

मी तारीख सांगितली.

"मिळाली कवा?"

"अकरा दिवसांनी."

"मंग रडून कायला राह्यल्या? नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस कोर्ट सोडून देतं. पर तयार झाली तवापर्यंतचेच. तुमी आळस करून चार दिवस उशिरा नेली, तर ते चार तुमचे." त्यांनी माझ्यासाठी पुन्हा मोजलं. शेवटचा दिवस रविवारी येत होता. "रविवारी कोर्ट बंद, तर सोमवारी दाखल करा. कोर्ट सोमवारपर्यंत वाट बघतं. मंगळवारी वळख देत न्हाई."

ते सुखदेवमामा होते. सातवी शिकलेले. पिंपळगाव रेणुकाईच्या बौद्धवस्तीत वाढलेले. हे सगळं ते कोर्टाच्या दारात उभं राहून, आत चाललेले युक्तिवाद ऐकून शिकले होते. एवढं कशाला करता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "आमच्या बापानं उभ्या जन्मात तीन कागदांवर अंगठा दिला. तिन्हीत काय लिव्हलं व्हतं, ते त्याला कुनी सांगितलं न्हाई." यापलीकडे ते त्याबद्दल बोलले नाहीत.

लिंबाजीचं प्रकरण त्यानंतर तीन-चार वर्षांनी आलं. कुंभार पिंपळगावच्या पलीकडे एका लहान गावात लिंबाजी आणि त्याची बायको गिरजाबाई राहत. गावात दोन खोल्यांचं घर. दिवाळीनंतर दोघं ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यात परत यायचे. ते गेल्यावर लिंबाजीच्या चुलतभावाने दावा लावला, की ते घर आणि जागा आपल्या वाट्याची आहे. समन्स घेऊन मामा गेले. दाराला कुलूप. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा कुलूप. शेजाऱ्यांना विचारलं, तर कुणी सांगे सांगलीकडे गेलेत, कुणी सांगे कर्नाटकात. मुकादमाचा पत्ता मिळवून मामांनी स्वतः पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. शेवटी समन्स दारावर चिकटवा, असा कोर्टाचा हुकूम झाला. मामा तिसऱ्यांदा गेले आणि दोन पंचांसमोर त्यांनी बंद दारावर कागद डकवला.

त्या दिवशी ते कोर्टात परत आले तेव्हा मला म्हणाले, "बाई, दाराला कसं मोजायला लावू?"

लिंबाजी हजर नाही म्हणून निकाल एकतर्फी झाला. चुलतभावाच्या बाजूने. दोन महिन्यांनी नवरा-बायको गावी परतले तेव्हा त्यांना ते कळलं, आणि चौथ्या दिवशी दोघं माझ्यासमोर बसले होते.

असा निकाल रद्द करून मागायला तीस दिवस मिळतात. समन्स नीट बजावलं गेलं असेल तर ते निकालापासून मोजायचे. नसेल तर निकाल कळल्यापासून. निकालापासून मोजले तर लिंबाजीचे दिवस केव्हाच संपले होते. कळल्यापासून मोजले तर सव्वीस हातात होते. म्हणजे सगळं मामांच्या साक्षीवर आलं. ते मनापासून शोधायला गेले नव्हते, एकदाच जाऊन कागद डकवून आले, असं दिसलं असतं, तर लिंबाजीला दार उघडं होतं.

आज सांगायला लाज वाटते, पण साक्षीच्या आदल्या दिवशी मी मामांना कोर्टाच्या आवारातल्या पिंपळाखाली गाठलं. "मामा, तिन्ही खेपा नीट आठवत नाहीत, एवढंच म्हणा."

ते सायकलची घंटी पुसत होते. "बाई, तीनदा गेल्तो मी. पायडल तुटलं व्हतं दुसऱ्या खेपंला, चालत आल्तो. आठवत न्हाई कसं म्हनू?"

"त्याचं घर जाईल."

"म्हाईत हाय मला." ते घंटी सोडून माझ्याकडे वळले. "पर आज मी गेलो ते न्हाई गेलो म्हनालो, तर उद्या कुनी न जाता गेलो म्हनंल. मंग या कागदाला काय राह्यलं? गरिबाला या कागदाबिगर दुसरं हाय काय?"

मी रागाने निघून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही तारखा सांगितल्या, पंचांची नावं सांगितली, पोस्टकार्डाचंही सांगितलं. मी युक्तिवाद केला, की माणूस सहा महिने लांब आहे हे माहीत असताना दारावर कागद लावणं म्हणजे त्याला कळवणं नव्हे. न्यायाधीश ऐकत होते. थोडी आशा वाटली. मग लिंबाजी पिंजऱ्यात उभा राहिला आणि समोरच्या वकिलांनी विचारलं, "मधे तू गावी आला होतास का?"

"आल्तो. भैनीकडं ऱ्हायची माय, ती गेली तवा. एक रात राह्यलो."

"दारावर कागद होता?"

लिंबाजीने माझ्याकडे पाहिलं. मला नजरेनेसुद्धा काही सांगता येईना. "व्हता साहेब," तो म्हणाला. "मला वाटलं, इलेक्शनचा आसंल. वाचता येत न्हाई मला."

मामा दारात उभे होते.

समन्स त्याला पोचलं असं धरून अर्ज नामंजूर झाला. जालन्याला, जिल्हा कोर्टात अपील केलं, तेही गेलं. चुलतभावाने ताब्याचं वॉरंट काढलं, आणि ते बजावायचं काम पुन्हा सुखदेवमामांकडेच आलं, कारण त्या भागाचे बेलीफ तेच होते. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून ते बेलिफांना कामं वाटून देणाऱ्या नाझरसाहेबांकडे गेले. दुसरं कुणी नव्हतं.

वॉरंट पुरं करायला त्यांना पंधरा दिवस होते. पहिल्याच दिवशी ते रिकाम्या हाताने गावात गेले आणि गिरजाबाईला म्हणाले, "ताई, मी पंधराव्या दिवशी येनार. त्याच्या आत येनार न्हाई. आजचा दिवस धरू नका." चुलतभावाने कोर्टात तक्रार केली, की बेलीफ टाळाटाळ करतो. मामांनी खुलासा लिहून दिला: मुदत कोर्टाने दिली आहे, मी ती पुरी वापरत आहे.

पंधराव्या दिवशी मीही गेले. जाऊन करणार काय होते, तेही माहीत नव्हतं. मामा सकाळीच येऊन समोरच्या लिंबाखाली बसले होते. चुलतभाऊ घाई करत होता. मामा म्हणाले, "दिवस मावळायच्या आत करायचं हाय. अजून मावळला न्हाई." उन्हं कलल्यावर मात्र ते उठले. गिरजाबाईने भांडी आधीच बांधून ठेवली होती. जातं एकटीला उचलेना, तेव्हा मामांनी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ते अंगणाबाहेर आणून ठेवलं. वाकल्या वाकल्याच तिने विचारलं, "दादा, आता पुढं किती दिवस मोजायचे?"

मामा जात्यापासून बाजूला झाले. त्यांनी पंचनामा लिहिला, सह्या घेतल्या, कुलूप लावलं. परत येताना ते सायकल हातात धरून सबंध वाट चालत आले. मीही त्यांच्या शेजारून चालत राहिले.

त्यानंतर मामांनी एक नवीन काम अंगावर घेतलं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी ते कुंभार पिंपळगावच्या बाजारात एक वही घेऊन बसायचे. जाणाऱ्याचं नाव, गाव, कोणता कारखाना, मुकादम कोण, सगळं लिहून घ्यायचे. कुणाच्या नावाने कागद आलाच, तर निदान पत्ता असावा. कोर्टाने त्यांना हे सांगितलं नव्हतं. एकदा तर नाझरसाहेबांनी मेमोही दिला, की हे तुमच्या कामात बसत नाही. लोक हसायचे. काहींना वाटायचं, बेलीफ नाव लिहून घेतोय म्हणजे जप्ती येणार, ते रस्ता बदलायचे. त्या वहीमुळे दोघा-तिघांना वेळेवर निरोप गेला, एवढं मला ठाऊक आहे. बाकीची पानं नुसती भरत गेली. निवृत्त झाल्यावरही त्यांनी बसणं सोडलं नाही.

मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच बाजारात. अंगावर खाकी नव्हती, डोळ्यांना जाड चष्मा होता. मी शेजारी पोत्यावर बसले. तेवढ्यात लिंबाजी आणि गिरजाबाई डोक्यावर गाठोडी घेऊन ट्रककडे जाताना दिसले. मामांनी हाक मारली. लिंबाजी थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते मला फार जड गेलं.

"कोन्त्या कारखान्यावर चालले?" मामांनी विचारलं.

लिंबाजीने नाव सांगितलं. मग सहज, समजूत घालावी तसं म्हणाला, "मामा, आमचं कायला लिव्हून राह्यले? कागद डकवायला आमाला आता दार कुठं हाय?"

ट्रकचा भोंगा वाजला आणि दोघं घाईने निघाले. मामांनी वहीत नाव लिहिलं. कारखान्याचं लिहिलं, मुकादमाचं लिहिलं. गाव लिहायच्या जागी आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, इथं काय लिव्हू?"