तेइझोचा वाडगा

सुमिएचं अख्खं आयुष्य लोकांची फुटकी भांडी सांधण्यात गेलं. झाडाचा काळा चीक लावून तुकडे जुळवायचे आणि ओली फडकी पसरलेल्या लाकडी कपाटात आठवडेच्या आठवडे ठेवायचे, कारण हा चीक उन्हात नाही, दमटपणात वाळतो. मग सांध्यावर सोन्याची पूड. तडा लपवायचा नाही, मिरवू द्यायचा. कानाझावा शहरातल्या बायकांना त्या सोनेरी रेघांचं कोण कौतुक! सुमिएची मान मात्र कायम दुखायची.

नवरा तेइझो कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होता. तो गेला तेव्हा तिला रडू आलं नाही, झोप आली. शवपेटी घराबाहेर निघताना गेलेल्याचा भाताचा वाडगा उंबऱ्यावर फोडतात, म्हणजे तो जेवायला माघारी येत नाही. वाडगा सुमिएच्या हातात दिला. पण त्या हातांना भांडं आपटायची सवय कुठली? तिने तो ठेवल्यासारखा अलगद सोडला, आणि त्याचे जेमतेम दोन तुकडे झाले.

"वहिनी, हे काय फोडणं झालं?" नणंद फुकुए पुटपुटली. "दादा येईल ना परत."

सुमिएने दोन्ही तुकडे खिशात टाकले. त्यानंतर घरात जरा कुठे खुट्ट झालं की ती झोपेतून दचकून उठायची आणि उशाशी तेइझोला द्यायची औषधाची बाटली चाचपडायची.

एकोणपन्नासाव्या दिवशी आत्म्याला शेवटचा निरोप देतात. त्या विधीला फुकुए हातोडी घेऊनच आली. "काढ ते तुकडे. आज नीट फोडू."

सुमिएने कपाट उघडलं. वाडगा सांधलेला होता. सोनं नव्हतं, नुसती काळी, जराशी वाकडी रेघ.

"अगं बाई, तुला दादा परत हवाय का?"

"नको," सुमिए म्हणाली. इतक्या दिवसांत हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. "थकले गं मी. पुन्हा नाही जमायचं मला. पण फुटकं समोर दिसलं की हे हात गप्प बसत नाहीत, त्याला मी काय करू?"

त्या घरात कुणी कधी दुसऱ्याच्या वाडग्यात जेवलं नव्हतं. सुमिएने त्यात भात वाढून घेतला आणि खायला बसली.

"हा आता माझा. ते आलेच तर सांगेन, तुमचा वाडगा फुटला म्हणून."

फुकुएने हातोडी खाली ठेवली. "भांडी मी घासते," ती म्हणाली. "तू जेवून पड जरा."

सुमिए तिथेच चटईवर आडवी झाली. स्वयंपाकघरात भांडी खणखणत होती, तरी ती दचकली नाही.