दोनच ठोके

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही एक निमित्तच?

तो सिनेमा तुम्ही पाहिला असेल, निदान ट्रेलर तरी. बंगाली कॉमिकवरून काढलेला. कोलकात्यात एवढा मोठा सुपरहिरोपट कुणी केलाच नाही, असं निर्माते सांगत फिरायचे. मुखवटा आणि लाल केप घातलेला नायक, आणि शहराच्या जुन्या खंदकाच्या गाळातून शेकडो वर्षांनी उठलेला बर्गी सरदार. बर्गी म्हणजे कोण? आपणच. बंगालवर चालून आलेले मराठे. इथल्या आया अजूनही त्यांची भीती घालून मुलांना झोपवतात. त्या सरदाराच्या सगळ्या मारामाऱ्या मी केल्या. चेहरा दुसऱ्या नटाचा, हाडं माझी.

वडील बँकेत होते. बदली होऊन कोलकात्यात बेहालाला आले आणि इथलेच झाले. मी शाळेच्या सुट्ट्यांत कोल्हापूरला मामाकडे लाठी शिकलो आणि तेवढ्यावर स्टंटच्या धंद्यात शिरलो. नायकाच्या जागी मारामारी करायला होता तपन, बागबाजारचा, जिथून तो जुना खंदक जायचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, तुम्हाला अडवायला आमच्या दारात खंदक खणला होता, तरी आलासच! तेव्हापासून अख्खं युनिट मला बर्गी म्हणायला लागलं. मी हसायचो. अगदी मनापासून हसायचो.

गार्डन रीचच्या एका बंद गोदामात दोन महिने तपन मला मारत होता. भिंतीवर आपटायचा, जिन्यावरून लोटायचा, केस धरून तोंड मातीत घासायचा. खोटा मारही लागतोच — माझ्या बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. पण ठरल्यापेक्षा एक ठोसा जास्त त्याने कधी मारला नाही. हे ध्यानात ठेवा.

तपनच्या मुखवट्याला डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन फटी. बाजूचं काही दिसायचं नाही, आणि वाऱ्याचा मोठा पंखा लावला की ऐकूही यायचं नाही. म्हणून आम्ही दोघांनीच एक युक्ती काढली. मी फळ्यांच्या मंचावर टाच आपटायची. त्याला ते तळपायातून कळायचं. तिसऱ्या ठोक्याला तो वाकणार, चौथ्याला माझा भाला त्याच्या डोक्यावरून जाणार. भाल्याचं टोक रबराचं, दांडा मात्र खऱ्या बांबूचा, कारण मऊ दांडा कॅमेऱ्यात लवतो. ते ठोके फक्त आम्हा दोघांनाच कळायचे.

त्या दिवशी माझी मुलगी शूटिंग बघायला आली होती. सहा वर्षांची. घरी आमच्याशी मराठी बोलते, पण भांडते बंगालीत. जेवणाच्या सुट्टीत तपनने तिला खांद्यावर घेऊन गोदामभर फिरवलं. मग तालीम सुरू झाली आणि ती खुर्चीवर उभी राहून ओरडायला लागली, "मारो! बर्गीके मारो!" मी पडलो तशी टाळ्या पिटत नाचली. मी रंग फासलेल्या तोंडाने तिच्याकडे पाहिलं. तिने मला जीभ काढून दाखवली. सगळे हसले.

इथे मला म्हणता आलं असतं, की मराठ्यांच्या नावाने चाललेली थट्टा डोक्यात गेली. वडिलांना ते पटलंही असतं. पण नाही हो. इतिहासाचं काय घेऊन बसलात? माझी मुलगी त्याच्यासाठी नाचत होती. एवढंच. एवढ्याशा गोष्टीने मी जळलो.

कॅमेरा सुरू झाला. एक ठोका. दोन. आणि मी भाला फिरवला.

चुकून? नाही. तो ताठ उभा आहे, तिसऱ्या ठोक्याची वाट बघतोय, हे मला माहीत होतं. मामाने शिकवली होती तशी कंबर पूर्ण वळवली मी. दांडा मुखवट्यावर बसला, नारळ फुटावा तसा आवाज झाला, आणि मला बरं वाटलं. क्षणभर अगदी गार वाटलं. मुखवट्याचा पत्रा फाटून आत घुसला होता. तपन गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी चेहरा धरून. बोटांमधून रक्त फळ्यांवर गळत होतं. मुलगी टाळ्या वाजवता वाजवता थांबली.

फाइट मास्टरने विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी चारही ठोके दिले, तो वाकलाच नाही. कॅमेरा तपनच्या पाठीमागे होता. माझे पाय त्याच्या केपआड. कुणाला काय कळणार?

तीन दिवसांनी हॉस्पिटलात तपननेही तेच विचारलं. "चारटेई दियेछिली?" — चारही दिले होतेस? मी मान हलवली. मग लक्षात आलं, त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. म्हणून तोंडाने पुन्हा खोटं बोललो. तो म्हणाला, "ताहोले आमारई भूल." म्हणजे चूक माझीच. आणि शॉट बिघडवल्याबद्दल त्याने माझी माफी मागितली.

शॉट बिघडला नव्हता. सिनेमात तोच आहे. थिएटरात त्या जागी लोक शिट्ट्या मारत होते, आणि शेजारी बसलेल्या वडिलांनी कौतुकाने माझी मांडी थोपटली.

तपनचा डावा डोळा गेला. कामही सुटलं. पाय भरवशाचे राहिले नाहीत, ठोके चुकतात, असं तोच लोकांना सांगतो. आता भावाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. इथे देवीचं विसर्जन झालं की माणसं घरोघरी जाऊन गळाभेट घेतात. मीही दरवर्षी मिठाई आणि आपट्याची पानं घेऊन त्याच्याकडे जातो. खंदक ओलांडून आलास, बर्गी! असं म्हणत तो उजवा डोळा माझ्याकडे यावा म्हणून मान जरा वळवतो आणि मला छातीशी धरतो.

गेल्या वर्षी त्याने माझ्या मुलीला सांगितलं, टाच आपट, मी मोजतो. उरलेला डोळा मिटून, अनवाणी उभा राहिला. तिने चार आपटल्या. तो चार म्हणाला. तिने सात आपटल्या. सात म्हणाला. एकदाही चुकला नाही. मग लहान पोरासारखा खूश होऊन माझ्याकडे वळला. "देखली? एखोन आर भूल होय ना." बघितलंस? आता चुकत नाही.

मी म्हणालो, हो, आता बरोबर येतंय.