लेकीने काकांसमोर भात मागून घेतला

मंडळी, दुपारची जेवणं उरकली तरी माझा आनंद मावत नाही, म्हणून लिहितेय.

माझी लेक सायली तारकर्लीला पर्यटकांना पोहायला शिकवते. मागे तिला बघायला आलेल्यांनी "मुलगी जरा जाड आहे" असा निरोप धाडला. तेव्हापासून तिने भात सोडला आणि काकडीवर राहू लागली. परवा तिला पाण्यातच चक्कर आली.

आज माझे थोरले दीर जेवायला आले होते. तिच्या ताटातली काकडी बघून म्हणाले, "बरा केलंस गो. बारीक झालंस तर लगीन जमतला."

सायलीने काकडी बाजूला सारली. मग म्हणाली, "काका, ह्याच अंगान मी लाटेत माणसांका धरून ठेवतंय. माका ताकद व्हयी. आये, भात वाढ गो."

मोठ्या भावासमोर कधी तोंड न उघडणारे माझे यजमान म्हणाले, "तिका कढी पण वाढ." बापलेक मग मासळीवर ताव मारत बसले.

पोरीचा इतका अभिमान वाटला!

खरं सांगा, आपण मुलींचं ताट बघून बोलतो, तसं मुलग्यांच्या ताटाबद्दल कधी बोललोय का?