बंद कूलरची गाणी

आमच्या घरी कोणाचा कोणावर किती जीव आहे, ते मे महिन्यात कळतं. कोण कोणासाठी कूलर बंद करू देतो, त्यावरून. बाहेरगावच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. त्याने एकदा भर दुपारी नागपुरातल्या मनीषनगरात आमच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर येऊन बसावं, आणि मग बोलावं.

माझा धाकटा भाऊ रॅप करतो. विनोदी रॅप, आमच्या बोलीत. बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात त्याची शिफ्ट असते आणि उरलेला सगळा वेळ तो शब्द जुळवत फिरतो. त्याची सुरुवातीची गाणी आमच्या आतल्या खोलीत तयार झाली. लोखंडी कपाटाची दारं उघडायची, त्यांवर रजया टाकायच्या, त्या आडोशात त्याने तोंड घालायचं आणि मी मोबाइल धरायचा. मी शाळेत गणित शिकवते. माझ्या शिक्षणाचा घरात झालेला हा सगळ्यात मोठा उपयोग.

उकडू नये म्हणून तो डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळतो आणि थंड पाण्याच्या बादलीत पाय बुडवून उभा राहतो. इथपर्यंत ठीक आहे. पण जानेवारीतही तो बादलीतच उभा राहतो. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, "आवाज तसाच लागते, ताई." त्याच्यापुढे माझं डोकं चालत नाही.

या सगळ्यात कूलर बंद असावा लागतो, नाहीतर धावपट्टीवर उभं राहून गातोय असं ऐकू येतं. बटण दाबल्यावर पंखा घरघरत, रडतखडत थांबतो. तोवर घरात कोणी बोलत नाही. त्या घरघरीचा तुकडा भाऊ नंतर कापून टाकायचा.

"मी अंडरग्राउंड रॅपर होय," असं त्याने एकदा आईला सांगितलं.

"म्हणजे काय गा?"

"म्हणजे नाव मोठं नसते, पण काम चालू राहते."

"म्हणजे कोणी ऐकत नाही, असंच ना?"

"हो, तसंच समज."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "ऐकलं असतं तर लोकायनं नावं ठेवले असते."

ऐकणारे खरंच थोडे होते. मी, त्याच्या शिफ्टमधली मुलं, आणि लकडगंजमधला कोणी एक व्यापारी, जो प्रत्येक गाण्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकायचा. तो हसत होता की माफी मागत होता, ते आजवर कळलेलं नाही. इतके थोडे लोक ऐकतात याचा मला भयंकर राग यायचा, कारण गाणी खरोखर चांगली होती. एक गाणं संत्रा बर्फीच्या डब्यावर होतं. कोणी तरी तो आणतो, घरचे तो न उघडता पुढच्या पाहुण्याकडे नेतात, आणि गल्लोगल्ली हिंडून डबा शेवटी पहिल्याच घरी परत येतो. दुसऱ्या एका गाण्यात एक काका अंघोळीला बसल्या बसल्या फोनवर सांगतात, "निघालोच, चौकात आहो." ही गाणी ऐकून मला हसताना मोबाइल धरवायचा नाही. मोबाइल हलला की तो चिडायचा आणि बादलीतलं पाणी फरशीभर व्हायचं.

पण त्याला जगाची पडलेली नव्हती. त्याला एकच हवं होतं. बाबांनी एक गाणं शेवटपर्यंत ऐकावं.

बाबा नोकरीत फिटर होते, पण त्यांचं खरं आयुष्य गेलं ते एका कव्वालीच्या पार्टीत. आंबेडकर जयंतीला वस्त्यावस्त्यांमधून त्यांच्या पार्टीचे कार्यक्रम व्हायचे. बाबा गायक नव्हते, ते टाळीला होते. गायक रंगात येऊन कुठेही भरकटला तरी ठेका जागेवरून हलू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. पोस्टरवर त्यांचा फोटो कधी आला नाही, आणि त्याबद्दल ते कधी बोललेही नाहीत. पार्टी मोडली, निम्मे लोक गेले. बाबा घरी बसले आणि त्यांच्या वाट्याला कूलर आला.

भाऊ गायला लागला की ते पहिल्या खोलीतून दोन ओळी ऐकायचे आणि उठून कूलर पुन्हा सुरू करायचे. "हे गाणं नाही होय," ते म्हणायचे, "हे भांडण होय. ठेका कुठं आहे?" त्यामुळे त्या काळातल्या कितीतरी गाण्यांचा शेवट कूलरने केलेला आहे. भाऊ ती तशीच टाकायचा. कारखान्यातल्या मुलांना वाटायचं, ही त्याची स्टाइल आहे.

मी बाबांशी भांडायचे. तो भांडायचा नाही. दुपट्टा पिळून पुन्हा बांधायचा आणि म्हणायचा, "ऐकतीन, ताई. एखाद्या दिवशी ऐकतीन."

मग बुद्धपौर्णिमा आली. आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, विहारासमोर संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम असतो आणि मोठ्या गंजात खीर शिजते. लहान मुलांचे नाच झाले, भीमगीतं झाली, आणि आमचा नंबर आला. कार्यक्रमाचे सेक्रेटरी फार सज्जन माणूस आहेत, पण त्यांना एका दमात सगळं सांगून टाकायची सवय आहे. ते माइकवर म्हणाले, "आता आपल्या लेआउटचे युवक रॅप सादर करतील आणि खीर तयार झालेली आहे."

खीर तयार झालेली आहे, हे वाक्य नागपुरात माइकवरून कधी बोलू नये. भाऊ बादली घेऊन स्टेजवर चढेपर्यंत सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. हो, बादली घेऊन. समोर मी, आई आणि सतरंजीवर झोपलेलं कोणाचं तरी बाळ. बाबा खिरीच्या रांगेत होते, आणि बऱ्यापैकी पुढे होते. खिरीच्या बाबतीत ते कोणासाठी थांबत नाहीत.

त्याने कूलरचं गाणं सुरू केलं. 'पंप बंद, टप भरला, सासरा घामानं भिजला', अशी त्याची सुरुवात आहे. बीट मोबाइलमधून लागलेली होती. मोबाइल तापलेल्या अॅम्प्लिफायरवर ठेवलेला होता, आणि पहिलं कडवं संपता संपता तो इतका तापला की आपोआप बंद पडला. बीट गेली. भाऊ थांबला नाही, पण घाबरला, आणि घाबरला की तो पळत सुटतो. शब्द एकमेकांवर पडायला लागले. आईने माझा हात धरून ठेवला होता.

तेवढ्यात टाळी ऐकू आली.

कौतुकाची नव्हे, ठेक्याची टाळी. कोरडी, खणखणीत. मी वळून पाहिलं. बाबांनी मिळालेला खिरीचा पेला स्टेजच्या कडेवर ठेवला होता आणि ते उभ्यानेच टाळी देत होते. मान खाली, डोळे मिटलेले, जसे पार्टीत बसायचे तसे. भावाने दोन ओळी इकडेतिकडे घालवल्या आणि मग त्या टाळीत येऊन बसला. प्रत्येक विनोद आता आपल्या जागी पडत होता. रांगेतली माणसं वळली. हातात पेले असल्यामुळे त्यांना टाळ्या देता येईनात, म्हणून ती नुसती हसत होती, आणि कोणीतरी गंजावर पळी वाजवायला सुरुवात केली. सेक्रेटरी खुर्चीवर बसून पोट धरून हसत होते. मला इतका आनंद झाला की मी रडले, आणि ते लपवायला माझ्याकडे रुमालही नव्हता.

घरी परतताना भाऊ बाबांच्या बाजूने चालत होता, रिकामी बादली हातात. गेटपाशी आल्यावर ते म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात पळते तू."

भाऊ बादलीसकट जिना चढून तीन मजले नाचत गेला. दुसरं कडवं! त्याआधी बाबांनी त्याचं दुसरं कडवं कधी ऐकलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही रजया टांगत होतो. बाबा आतल्या खोलीत आले. मला वाटलं, आता बटणावरून पुन्हा भांडण सुरू होणार. ते आले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कपाटाशेजारी स्टूल ओढून बसले. आई दुसरी बादली घेऊन आली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. बाबांनी पायजमा वर केला, पाय पाण्यात सोडले, हात लांब करून स्वतः कूलर बंद केला.

ते गाणंही फारसं कोणी ऐकलेलं नाही. लकडगंजवाल्यांनी हात जोडलेत, तेवढंच. पण त्याची सुरुवात भावाने कापलेली नाही. आधी पंख्याची घरघर हळूहळू कमी होत जाते. मग पाण्यात पाय हलल्याचा आवाज. मग बाबा म्हणतात, "हं, म्हण आता."

आणि ते गाणं शेवटपर्यंत आहे.