मध्यंतरानंतरची बाजू

क्रिकेटमध्ये मी कुठल्याच संघाचा नाही. ज्या वर्षी जो चांगला खेळतो, त्याचा मी. तोही हरायला लागला की मोबाईल बंद करतो आणि मुलांच्या वह्या तपासायला घेतो. याची मला कधी लाज वाटली नाही. पण मागच्या वर्षी गावच्या कबड्डीच्या मैदानावर मी जे केलं, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, तामसीकडचं. कापूस घरात आला की गावात सामने भरतात. तिथे बघणाऱ्यांचीही एक रीत आहे. आपला संघ ज्या बाजूला, त्या बाजूला आपण बसायचं. मध्यंतरात संघांनी बाजू बदलली की गावकऱ्यांनीही बसायची पोती उचलून पलीकडे जायचं. बाबा ही रीत कधी चुकले नाहीत, आणि माझ्या आठवणीत आमचा संघ कधी पहिला आला नव्हता. एकदा दुसरा आला तेव्हा बक्षिसात सूटकेस मिळाली होती. मी डिग्रीसाठी आदिलाबादला निघालो, तर गड्यांनी ती मला दिली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच.

मागच्या वर्षी शेवटच्या सामन्यात आमच्यासमोर आला तो नेरडीगोंड्याकडच्या गावाचा संघ. त्याच गावात मी शिक्षक आहे. सातांपैकी चौघे माझे विद्यार्थी.

पहिला डाव मी बाबांच्या शेजारी बसून पाहिला. आम्ही अकरा गुणांनी मागे पडलो. मध्यंतर झालं, सगळे उठले. मीही उठलो. तेवढ्यात पलीकडून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याचं कोपर सोललेलं दिसलं. मी थांबून रुमाल बांधून दिला. ती बाजू आता त्यांची होती; "सार, कूर्चोंडी," असं तेलुगूत म्हणत शाळेतल्या मुलांनी मला बसायला जागा केली. शिट्टी झाली. दोन मिनिटं बसू, मग मैदानाला वळसा घालून जाऊ, असं ठरवून मी बसलो.

दुसऱ्याच चढाईत आमच्या गड्याने तिघांना बाद केलं. मग पकडीही बसायला लागल्या. आता माझी पंचाईत झाली. हरत असताना उठलो असतो तर कोणी काही म्हणालं नसतं. जिंकायला लागल्यावर उठलो, तर जिंकणाऱ्याकडे पळाला म्हणतील. इकडे मुलं बाद झाली की माझ्याकडे बघत होती. मी आधी दोन्हीकडच्यांसाठी टाळ्या वाजवल्या, मग कोणासाठीच वाजवल्या नाहीत.

पलीकडून शेजारचे काका ओरडले, "काय मास्तर, भाकर तिकडची म्हून बसणंबी तिकडंच का?"

लोक हसले. बाबा हसले नाहीत. एका गुणाने आम्ही जिंकलो. बाबा उभे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

घरी पाय धुताना त्यांनी विचारलं, "काऊन नाही आला रे?"

मी सांगायला लागलो: कोपर, शिट्टी, टाळ्या. त्यांनी मध्येच थांबवलं. "लोकं इचारून राह्यले होते. मी सांगतलं, त्याची ड्युटी हाय. सरकारनं पोरांसंगं धाडलं त्याले." आमच्याकडे शिक्षकाला ड्युटी म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. कुठली ना कुठली लागलेलीच असते. मग त्यांनी हळूच विचारलं, "होती न ड्युटी?"

"होती," मी म्हणालो.

तेव्हापासून मी विचार करतो आहे. कोपर खरंच सोललं होतं. पण अकरा गुणांनी मागे असताना आपल्या गावकऱ्यांत जाऊन बसणं टळलं, याचं मला आतून बरं वाटलं होतं का? मोबाईल बंद करतो, तसंच हे होतं का? ज्या गावानं मला शिकायला पाठवलं, त्याच्याशी मी असा वागलो असेन तर मी कोणाचा आहे?

गावानं मात्र वेगळाच अर्थ काढला. यंदाचे सामने जवळ आलेत. परवा काकांचा फोन आला.

"मास्तर, यंदाबी तिकडंच बस बरं का. तू तिकडं बसला अन् आपण जिंकलो."

"काका, गंमत करता का?"

"गंमत कायची? अख्ख्या गावानं ठरवलं हाय. गावावर जीव असन तर इकडं पाय ठिवू नको."

म्हणजे एकनिष्ठ राहायचं तर समोरच्यांत जाऊन बसायचं. बाबा काकांच्या शेजारीच असावेत. त्यांनी फोन घेतला.

"बाबा, तुमी सांगा. कुठं बसू?"

"तुले वाटन तिथं बस," ते म्हणाले. "पण ड्युटी हाय असं मी यंदा सांगनार नाही."

हे ते रागाने म्हणाले की हसत, ते मला कळलं नाही. फोन परत काकांकडे गेला होता आणि काका म्हणत होते, "मंग ठरलं न?"