पहिल्या माणसांची बेंबी

निम्मी वाट सरली तेव्हा दाईमावशी म्हणाली, "बाई, जरा टेकवूया. जग जड झालं."

एक लाकडी फळी, तिच्यावर ओल्या मातीची फरशी, आणि फळीची दोन टोकं दोघींच्या हातात. गाडीच्या धक्क्यानं तडा जाईल म्हणून भट्टीपर्यंत त्या पायीच निघाल्या होत्या. बंद दुकानाच्या पायरीवर त्यांनी फळी टेकवली. ओल्या फडक्याखाली जगातली पहिली दोन माणसं निवांत पडली होती.

प्रसूतिगृहाच्या भिंतीवर मातीच्या फरश्यांतून सृष्टीची सुरुवात घडवायची, असं वस्तीतल्या बायकांनी ठरवलं होतं. प्रत्येकीचा देव वेगळा, गोष्ट वेगळी. कुणी अंधार केला, कुणी सोन्याचं अंडं, कुणी नुसतं पाणी. माणसं आली मावशीच्या वाट्याला. तिनं ती जीव ओतून घडवली आणि शेवटी सवयीनं दोघांच्या पोटावर अंगठा दाबला. झाल्या बेंब्या तयार.

मग जी जुंपली! पहिली माणसं देवानं मातीतून केली, ती कुणाच्या पोटी आली नाहीत, मग बेंबी कुठली? चर्चमधली नर्स आणि मशिदीजवळची शिवणवाली यांचं खिडकी उघडण्यावरूनही कधी पटत नसे. इथे मात्र दोघी एक झाल्या. निवाडा आला फळीचं दुसरं टोक धरणाऱ्या शाळेतल्या बाईंवर. योग्य वाटलं नाही तर वाटेतच ओल्या बोटानं बुजवा, भट्टीत गेल्यावर इलाज नाही.

बाई पहाटे देवापुढे बसल्याशिवाय चहाला शिवत नसत. कुणाच्या श्रद्धेला आपल्या हातून धक्का नको, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण नजर सारखी मावशीच्या अंगठ्याकडे जात होती. बाईंची लेक गळ्याला नाळेचा वेढा घेऊन, निळी पडून आली, तेव्हा ह्याच अंगठ्यानं तो वेढा सोडवला होता. आज ती लेक स्वतः आई आहे. मावशी 'बाळंतपण केलं' म्हणत नसे, 'झेललं' म्हणे. अर्धी वस्ती तिनं झेललेली, तीही जातधर्म न विचारता.

"मावशी, नाळ म्हटली की दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवं," बाई हळूच म्हणाल्या.

"हवंच की. मातीनंच पोटात वाढवलं असेल. एवढी मोठी गोष्ट, आणि तिच्यात बाळंतीणच नाही होय?" मावशीनं गुडघे चोळले. "बुजवायची तर बुजवा. पण बिनबेंबीचं माणूस मी तरी अजून पाहिलं नाही."

बाईंनी बोट ओलं केलंच नाही. फडकं नीट पसरलं आणि आपलं टोक उचललं. नर्सला आणि शिवणवालीला काय सांगायचं, ते चालता चालताच ठरलं: तुमचीही पोरं हिनंच झेललीत.

भट्टीवालीनं काही दुरुस्ती आहे का विचारलं. बाई नाही म्हणाल्या. फरशी आत गेली, दार लागलं.

मावशी रिकामे हात बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, पहाटे देवापुढे बसाल तेव्हा माझं एवढं विचाराल? पहिलं बाळ झेलताना माझे हात लटलट कापले होते. म्हणावं, ही दोघं हातात आली तेव्हा तुझेही कापले का?"