मंद्रूपचे दोन चष्मे

"दिसतंय की."

प्रत्येक चष्मा डबीत घालण्याआधी ती एवढंच म्हणायची. काचेवर तोंडाची वाफ सोडायची, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायची आणि चष्मा हातभर लांब धरून खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघायची. काचेच्या नंबराप्रमाणं लिंब कधी बुटका दिसायचा, कधी चक्क उलटा. तिला त्याचं काही नसायचं. झाड दिसलं की काच साफ झाली, असा हिशेब.

नवी पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात मी काउंटरवर होतो. दुष्काळ नुकताच सरला होता. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र, त्यावर एक कारागीर, आणि खिडकीशी पोत्यावर बसलेली ही. तयार चष्मे पुसायचे, डबीत घालायचे, डबीला सुतळीनं चिठ्ठी बांधायची, आणि बाहेरगावचा माल असेल तर मागावरचं वाया गेलेलं सूत भरून खोक्यात बसवायचा, हे तिचं काम. बार्शी, करमाळा, अक्कलकोट, कुठंकुठं चष्मे जायचे. एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पार्सल द्यायचं, पलीकडं गिऱ्हाईक स्टँडवर उभं असायचं. तिच्या हातचं खोकं टपावरून खाली पडलं तरी आतली काच तडकली नाही, असं एक कंडक्टर सांगायचा. खोटं सांगत असेल, पण तिच्याबद्दल लोकांना असं सांगावंसं वाटायचं.

अक्कलकोटकडची बाई. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो आणि ती मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. मी कावलो की ती म्हणायची, "तम्मा, पाणी पी जा. काच न्हाई फुटली अजून." त्यानं मी आणखी कावायचो.

नवरा मिलमध्ये होता. कापसाची पूड छातीत बसून बसून शेवटी घरीच बसला. दोन पावलं चालला की धाप. डॉक्टर काही नीट सांगत नव्हते, आणि ही काही विचारत नव्हती. त्याच्या जिवाची भीती तिच्या सगळ्या वागण्यात होती. संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की तिचे हात भरभर चालायचे, कधी एकदा घरी जाऊन त्याला बघते असं व्हायचं. आणि नवऱ्याचं नाव बायकोनं घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं की तिथं कुणाचं काही चालत नव्हतं.

आता नवऱ्याचं नाव काय असावं? सिद्धराम. ज्या गावात ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, तिथं घरोघरी एक सिद्धराम असणार की नाही, तुम्हीच सांगा. आमच्याकडं दिवसाआड एखादा सिद्धराम चष्म्याला यायचाच. अक्का चौथीपर्यंत शिकलेली, चिठ्ठ्या स्वतः लिहायची. पण हे नाव ती उच्चारायची नाही आणि लिहायचीही नाही. नावाच्या जागी कुंकवाचं बोट टेकवायची आणि खाली गाव लिहायची.

पहिल्यांदा तसली डबी बघितली तेव्हा माझं डोकं फिरलं. "अक्का, हे दुकान आहे की देवघर?"

"मग तू लिव की. पेन तुज्या खिशाला हाय."

मी आठवडाभर लिहिलं, मग कंटाळलो. मालक म्हणाले, "असू दे रे, कळतंय ना आपल्याला." कळत होतं. कुंकू म्हणजे सिद्धराम, खाली गाव. पार्सल असलं तर वरच्या कागदावर मी पूर्ण नाव लिहायचो. बिनबोभाट चाललं होतं.

एक दिवस मंद्रूपचे दोन सिद्धराम एकदम तयार झाले.

एक म्हातारा, मेंढरंवाला, मोतीबिंदू काढलेला. त्याच्या काचा भिंगासारख्या जाड. दुसरा एस.टी.चा ड्रायव्हर. घर मंद्रूपला, म्हणून पावतीवर मंद्रूप, पण ड्युटी बार्शी डेपोला. त्याचा जीव टांगणीला लागला होता. डोळ्यांच्या तपासणीत त्याला खालच्या ओळी वाचता आल्या नव्हत्या. चष्मा लावून परत ये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी. "नापास झालो तर गाडीवरनं उतरवून डेपोत गाड्या धुवायला टाकतील," तो मला सांगून गेला होता. "बाकी मला काय येत न्हाई हो. पोरं लहान हायत."

दुपारी म्हातारा आला. मी आत हात केला, कुंकवाची डबी आली, मंद्रूप वाचलं, दिली. म्हटलं, "बाबा, घालून बघा." तर म्हणाला, "आदी देवाम्होरं ठेवतो, मग डोळ्याला." डबी बंडीच्या खिशात घालून काठी टेकत गेला. आता देवाच्या आड मी कसा येणार?

थोड्या वेळानं अक्का बार्शीचं पार्सल बांधायला बसली. सवयीप्रमाणं तिनं डबी उघडली, चष्मा खिडकीकडं धरला आणि तशीच राहिली.

"तम्मा, लिंब उलटा झाला."

"मग?"

"डायवरच्या काचेत उलटा कशाला हुईल?"

ड्रायव्हरचा चष्मा म्हाताऱ्याच्या खिशात बसून मंद्रूपला निघाला होता. बार्शीची गाडीही सुटायच्या बेतात. नवीन काच घासायला वेळ नव्हता. चूक कुणाची हे बोलायलासुद्धा वेळ नव्हता, नाहीतर मी बोललो असतो. कारागिराला काउंटरवर बसवलं, आणि अक्का नि मी दारातल्या टांग्यात चढलो.

टांगा आपला रमत चाललेला. मी टांगेवाल्यावर खेकसलो. तो म्हणाला, "घोडा है साब, मोटर नै." अक्का डबी छातीशी धरून बसली होती. "डायवरची पोरं लहान हायत म्हणला न्हवं?" तिनं एकदाच विचारलं. मी मान हलवली.

स्टँडवर उतरलो तर दोन्ही गाड्या लागलेल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. बार्शीच्या कंडक्टरला थोपवणं भाग होतं, तो मला ओळखायचा. मी अक्काला म्हटलं, "तू मंद्रूपची गाडी धर," आणि पळालो. पळता पळता ध्यानात आलं, तिनं म्हाताऱ्याला बघितलेलंच नाही. ती आत बसलेली असते, गिऱ्हाईक कधी तिच्या दृष्टीला पडत नाही.

बार्शीच्या कंडक्टरचा मी दंड धरून ठेवला. "एक मिनिट," म्हणत राहिलो. तो घड्याळ दाखवत राहिला. माझी नजर पलीकडं. मंद्रूपची गाडी गच्च भरलेली, दारात माणसं लोंबकळत होती. खिडकीखिडकीत पटका बांधलेली म्हातारी डोकी, आणि अक्का गाडीच्या पत्र्यावर तळहात आपटत या खिडकीकडून त्या खिडकीकडं पळते आहे.

"आवो, चष्मावालं बाबा कुटं हायत? चष्मा बदललाय वो."

कुणी दाद दिली नाही. "मंद्रूपवालं बाबा," ती ओरडली. सगळी गाडीच मंद्रूपची. घंटी झाली, गाडी घरघरली आणि हलली. ती गाडीबरोबर चालू लागली, मग पळू लागली, पदर खांद्यावरून सुटला. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. मला इतक्या लांबून कळलं की नाव तिच्या ओठांशी आलंय आणि ती ते गिळते आहे. खरं सांगतो, त्या क्षणी ड्रायव्हर माझ्या डोक्यातून गेला. मला तिची दया आली.

आणि मग ती ओरडली.

"सिद्धराम."

त्या बाईचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. स्टँडवरच्या पाचपन्नास माना वळल्या. गाडीतून दोघेतिघे उठले. उसाचा रस विकणारा एक जण "काय वो?" म्हणून पुढं आला. आणि मंद्रूपच्या कंडक्टरनं घंटी ओढून गाडीच थांबवली, कारण तोही सिद्धराम. आमचा म्हातारा मात्र शांत बसून होता. कानानं कमी. शेजाऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं तेव्हा तो म्हणाला, "मला बलावलं व्हय?"

डब्या बदलल्या. अक्का धावत माझ्याकडं आली, चष्मा काढला, वाफ सोडून पुसला, डबी ओच्यातून आणलेल्या सुतात गुंडाळली आणि कंडक्टरच्या हातात ठेवली. बार्शीची गाडी गेली. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी पास झाला, पुढं कैक वर्षं गाडी चालवत होता.

मी हुश्श करून अक्काकडं वळलो तर ती बाकावर बसलेली, तोंडावर हात दाबून. मी काहीतरी थट्टा केली. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. उठली आणि घराच्या वाटेनं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. मालक म्हणाले, जाऊन बघ. मिलच्या चाळीत त्यांची एक खोली होती. दारात तीच उभी. डोळे सुजलेले.

"मी येणार न्हाई तम्मा. त्या रात्री त्यास्नी लई धाप लागली. माज्या तोंडानं झालं."

"अक्का, धाप त्यांना रोज लागते."

"त्या रात्री जास्त लागली."

आतून बारीक आवाज आला. "कोण, दुकानातलं हायत? आत येऊ दे की त्यास्नी."

तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. हाडं आणि डोळे. पण डोळे चांगले हसरे. मला जवळ बसवून घेतलं आणि तिच्याकडं चोरून बघत हळूच विचारलं, "सगळी चाळ सांगती, भर स्टँडात हिनं माजं नाव घेतलं म्हणून. खरं हाय?"

"खरं आहे."

"मोठ्यानं?"

"सगळ्या स्टँडनं ऐकलं."

त्यानं दम खाल्ला. "इतकी वर्सं झाली लगीन होऊन. लोकांच्या तोंडनं ऐकतो, आईच्या तोंडनं ऐकलं. हिच्या तोंडनं कसं लागतंय ते न्हाई म्हाईत. सगळ्यांनी ऐकलं, मीच तेवढा न्हवतो." मग माझा हात धरला. "कसं म्हणली वो? जरा म्हणून दावा."

मी काय म्हणून दाखवणार? कसंबसं म्हटलं. ते माझ्याच आवाजात आलं, नुसतं नाव.

"आसं न्हाई म्हणली आसंल," तो म्हणाला.

अक्का चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती उठली, पदरानं तोंड पुसलं.

"तम्मा, तू जा आता," ती म्हणाली.

मी बाहेर आलो. माझ्यामागं तिनं दार लावून घेतलं, आतून कडी घातली.